मारिया तेरेसा थालर

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा (1717–80) हिची मुद्रा असलेले चांदीचे व्यापारी नाणे. थालर हे मध्य युरोपातील मोठे चांदीचे चलन (पहा : थालर). हे नाणे 1741 पासून पाडले गेले. सम्राज्ञीच्या निधनानंतर 1780 हे साल त्यावर कायम ठेवण्यात आले. त्यामुळे सालावरून नाण्याचे वय ठरत नाही.

ओळख पटते ती ठशांवरून. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारी, डोक्यावरून ओढणी घेतलेली सम्राज्ञी, तिच्याखाली ‘एस. एफ.’ ही रोमन आद्याक्षरे. मागे दुतोंडी गरुड. नाण्यावरील लेख लॅटिन व संक्षिप्त आहे. कडेवर ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद उठावात असते. वजन सु. 28.07 ग्रॅ., व्यास सु. 40 मिमी., चांदी 83.3 टक्के. वजनात वा कडेत फरक आढळल्यास नाणे बनावट असल्याची शंका घ्यावी. सम्राज्ञीच्या ब्रोचमधील मोती व गरुडाची पिसे यांतील बारीक भेदांवरून टांकसाळ सांगता येते (पहा : टांकसाळ). ही तुलना मोठ्या भिंगाखालीच करावी.

इथिओपिया, येमेन व अरबस्तानात ते दीर्घकाळ चालले. व्हिएन्ना, रोम, लंडन यांबरोबरच दुसऱ्या महायुद्धकाळात मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले.