सेंट्रिंगच्या फळ्या आणि कार्ल्याचा सुतार

विहाराच्या स्मरणिकेत सेंट्रिंगचे काय काम, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, लेण्यांपासून चाळींपर्यंत जे जे उभे राहिले ते सुतार, गवंडी आणि बिगारी यांच्या हातांनी. स्लॅब सगळ्यांना दिसतो. तो ज्या फळ्यांवर ओतला त्या कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

काँक्रीट ओतताना लगद्यासारखे असते. त्याला आकार देतो तो फळ्यांचा साचा आणि भार पेलतात त्या खालच्या बल्ल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीवर ५ इंचांचा स्लॅब टाकला, तर नुसत्या मालाचे वजन साडेचार टनांच्या वर जाते. माल घट्ट होईपर्यंत हे ओझे लाकडाने पेलायचे. म्हणून सेंट्रिंगचा खर्च मोठा. तो वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे तीच फळी पुन्हा पुन्हा वापरणे.

१६० चौरस फूट हे माप आम्ही उगाच घेतले नाही. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीला ८० खोल्या, सगळ्या एका मापाच्या. माप एक असले की खालच्या मजल्याच्या फळ्या वरच्या मजल्याला बसतात. यात बांधणाऱ्याची सोय झाली, पण राहणाऱ्याला कुणी विचारले? संडास सामाईक आणि एकेका खोलीत पाहुण्यारावळ्यांसकट अख्खे कुटुंब. त्याच वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला!

मधल्या काळात लाकडी फळ्यांच्या जोडीला लोखंडी प्लेटा आल्या, प्लायवूड आले, आणि मग ॲल्युमिनियमचे साचे, ज्यांना साईटवर 'मायवान' म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. नीट पुसून, तेल लावून ठेवला तर असा साचा शेकड्याने वेळा चालतो. काम झपाट्याने होते, हे चांगलेच आहे.

पण घाई कुठे करायची आणि कुठे नाही, हे कळले पाहिजे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान मुदती दिल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४ दिवस आणि सहा मीटरवरच्या बीमचे २१ दिवस काढायचे नाहीत. भाड्याच्या प्लेटा लवकर परत करण्यासाठी टेकू आधीच ओढले, तर स्लॅबखाली सापडतो तो नाक्यावरून आणलेला बिगारी. त्याचा विमा नसतो, हजेरीवर नाव नसते.

आता कार्ल्याला चला. तिथल्या चैत्यगृहाच्या दगडी छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. छत त्यांच्यावर तोललेले नाही, डोंगरच कोरून काढलेला आहे. तिथे दान देणाऱ्या शेठ-सावकारांचे लेख आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीत धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याचाही लेख आहे. दरवाजा त्याने केला, असे त्यात कोरले आहे. भिक्खू संघाला सुताराचे नाव दगडावर कोरण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्या विहारांत संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे असतात, ती असावीतच. पण सेंट्रिंग ज्यांनी बांधले, घमेली ज्या मायबहिणींनी वाहिली, त्यांची नावे कुठे आहेत? या वर्धापनदिनी आमची विहार समितीला विनंती आहे: पुढचा स्लॅब टाकाल तेव्हा टेकूंचे दिवस पुरे मोजा, आणि पाटीवर कामगारांच्या नावांसाठी जागा ठेवा.

जय भीम!