गोळी घेतली, पण रक्तात किती उतरली?



"गोळ्या वेळेवर घेत नसशील!" एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या किती बायकांनी हे ऐकलं असेल. तपासणीत विषाणू वाढलेला दिसला की पहिला संशय तिच्यावर. त्या संशयाला उत्तर देऊ शकणाऱ्या एका तपासणीची ही गोष्ट.

ती सुरू होते झाडाच्या पानापासून. १९०३च्या सुमारास मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ काचेच्या नळीत खडूची पूड भरून वरून पानांचा अर्क सोडायचा. खाली उतरताना हिरवे-पिवळे रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे व्हायचे. ओल्या कागदावर शाई फुटते ना, तसंच. पुढे पूड आणखी बारीक झाली, द्रव पंपाच्या दाबानं ढकलू लागले. आता रक्त यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवतात. वरचं पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. तो साफ करून नळीतून सोडला की प्रत्येक औषध आपापल्या वेळी बाहेर येतं आणि मोजलं जातं. नेव्हिरॅपिन हे औषध एका मिलिलिटरमध्ये साधारण ३ मायक्रोग्रॅम तरी हवं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या तराजूला हे कुठलं जमायला!

एचआयव्हीच्या अभ्यासासाठी १९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. कान्ह्याहून लोकलनं कासारवाडीला उतरलं की भोसरी जवळच. सरकारनं मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्या औषधांत नेव्हिरॅपिन असायचं.

पण एचआयव्हीबरोबर क्षयही पुष्कळांना होतो, आणि क्षयावर रिफॅम्पिसिन लागतं. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रानं एचआयव्हीच्या रुग्णांचं रक्त याच पद्धतीनं तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. रिफॅम्पिसिन सुरू असताना नेव्हिरॅपिन रक्तात कमी पडत होतं, कारण यकृत ते लवकर मोडून टाकत होतं. डोस वाढवल्यावर प्रमाण भरून आलं. म्हणजे गोळी नेमानं घेऊनही औषध अपुरं पडू शकतं. हे कागदावर आलं, हे मला फार मोठं वाटतं.

ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात होत नाही. पण तिच्यामुळे ठरलेले नियम आज औषधं देताना पाळले जातात. सध्याच्या डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर रिफॅम्पिसिन असेल तर बारा तासांनी आणखी एक गोळी देतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही त्याला अडवतात, म्हणून दोन तास आधी डोल्युटेग्रॅव्हिर घ्यावं, नाहीतर सगळं जेवणाबरोबर. गरोदर सखीला आशाताई लोहाच्या गोळ्या देतील, तेव्हा एआरटी केंद्रात ही वेळ विचारून घ्यायला सांगा.