बागेचें कुंपण आणि शेजाऱ्याचें जनावर

शहरांत ज्यांच्या घरामागें चार हात मोकळी जमीन आहे, त्यांना या पाहुण्याची ओळख करून द्यावयास नको. सायंकाळीं मेथी-कोथिंबिरीचें बीं टाकून वाफा सारखा करावा, आणि सकाळीं पाहावें तों शेजारचें मांजर रात्रींतून तो उकरून गेलेलें असावें. शेजाऱ्याकडे गाऱ्हाणें न्यावें, तर तो शांतपणें सांगतो कीं, मांजर आमचें नव्हेच. दुधापुरतें येतें, इतकेंच! मग गृहस्थ कायद्याकडे वळतो आणि परक्या जनावरांनीं केलेल्या नुकसानीविषयींचा १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा चाळून पाहतो. त्यांत 'गुरें' या शब्दाखालीं हत्ती आहे, उंट आहे. म्हैस, घोडा, खेंचर, गाढव, डुक्कर आहे. शेळीचें करडूं देखील आहे. नाहीं तें फक्त मांजर.

हें मांजर कायद्यांतून कां सुटलें, आणि जें जनावर आपलें नव्हे तें आपल्या बागेबाहेर ठेवण्याचे उपाय पूर्वीं कसकसे झाले, हें समजून घ्यावयाचें तर पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील बारामती व इंदापूर या तालुक्यांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कोरडा माळ आणि भिजलेली बाग हीं तेथें एकमेकांस अगदीं खेटून उभीं राहिलीं, आणि त्यामुळें कुंपणाचा प्रश्न तेथें मोठ्या निकडीचा झाला.

हा मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाकाठीं सुमारें २० इंच पाऊस, आणि तोहि बेभरंवशाचा. मुख्य पीक रब्बी ज्वारीचें. पीक उभें असेपर्यंत त्याची राखण होई. मचाणावर गोफण घेऊन बसलेला राखणदार पांखरें उडवी आणि चुकार ढोर हांकून लावी. एकदां कणसें खळ्यावर गेलीं कीं शेतें मोकळीं होत. मग धसकटांतून कोणाचेंहि जनावर चरत गेलें तरी त्यास सहसा कोणी हटकीत नसे. शेत वर्षाचे कांहीं महिने एकाचें आणि उरलेले महिने साऱ्या गांवाच्या गुरांचें, असा हा अलिखित करार होता. १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमिनीच्या पाहणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यांत लागू केली. शेतांना नंबर पडले, हद्दीच्या खुणा बसल्या. परंतु हद्दीचा दगड सारा ठरविण्यासाठीं होता. गुरें अडविण्यासाठीं नव्हता.

हा जुना करार मोडला तो पाण्यानें. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या दिवसांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि १८८५ च्या सुमारास वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेलें पाणी बारामती व इंदापूरच्या रानांतून वाहूं लागलें. बारामतीचा भाग तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत असे. कालव्याच्या कांठीं ऊस उभा राहिला. आडसाली ऊस शेतांत सुमारें दीड वर्ष असतो. चैत्र-वैशाखांत सारा माळ करपून गेलेला असतां त्याच्या मध्यभागीं हा हिरवा पट्टा डोलत असे. भुकेल्या गुराला तो दुरूनहि दिसे. मग त्याला हद्दीचा दगड काय अडविणार? पूर्वीं जी राखण हंगामापुरती होती, ती आतां बारमास झाली. बारमास माणूस बसविणें परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून माणसाच्या जागीं कुंपण आलें.

कुंपणाचे प्रकार अनेक होते. बाभळीच्या काट्यांची वई सर्वांत स्वस्त. पण पावसाळ्यांत ती कुजे, उरलेलीस वाळवी लागे, आणि दरसाल नवी घालावी लागे. शेराचा चीक अंगावर उतला म्हणजे फोड येतात, म्हणून जनावरें त्यास तोंड लावीत नाहींत. बांधावर शेर लावण्याचा प्रघात याचमुळें पडला. घायपाताचीं टोंकदार पानेंहि उपयोगी पडत. परंतु सर्वांत सोयीचें वाटलें तें फड्या निवडुंग. मूळचें अमेरिकेंतील हें झाड. त्याचा एक फडा बांधावर टाकावा, कीं पाण्यावांचून तो मूळ धरतो. कुंपण फुकट मिळालें, असें लोकांना वाटलें. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण मात्र पुढें अक्षरशः खरी ठरली. निवडुंग बांधावरून उतरून पडीत रानांत शिरलें, गायरानें व्यापलीं, गांवठाणास वेढा घातला. आणि ज्या उंदरांना व डुकरांना बाहेर ठेवावयाचें, त्यांनीं त्याच्याच जाळींत बिऱ्हाड केलें. तोडून आणि जाळून तें हटेना. अखेर १९२६ सालीं सिलोनांतून दक्षिण हिंदुस्थानांत आणलेल्या कोचिनील जातीच्या एका लहानशा किड्यानें हें काम केलें. हा किडा पसरत गेला, तसतसें पुढील कांहीं वर्षांत दख्खनमधील निवडुंगाचें रान ओसरलें. लावून विसरून जावें असें कुंपण नसतें, हा धडा त्या पिढीस भारी किंमत देऊन शिकावा लागला.

कुंपण जेथें अपुरें पडलें, तेथें कायदा पुढें आला. १८७१ च्या कायद्यानें गांवोगांवच्या कोंडवाड्यांस एक ठराविक रीत घालून दिली. पिकांत शिरलेलें जनावर शेतकऱ्यानें धरावें आणि २४ तासांच्या आंत कोंडवाड्यांत पोंचतें करावें. रस्ते, कालवे व बंधारे यांची नासधूस करणारीं गुरें धरण्याचा अधिकार त्या त्या खात्याच्या माणसांस होता. म्हणजे कालव्याचा भरावहि या छत्राखालीं आला. मूळ कायद्यांत हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हैस यांना ८ आणे, गाय-बैल व घोडा यांना ४ आणे, वासरूं, गाढव व डुक्कर यांना २ आणे आणि शेळी-मेंढीला १ आणा असा दंड होता. शिवाय वैरणपाण्याचा खर्च निराळा. सात दिवसांत धनी आला नाहीं तर जाहीर नोटीस, आणि तीनंतर आणखी सात दिवसांनीं लिलांव. धरलेलें जनावर बळानें सोडवून नेणारास सहा महिने कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती.

कागदावर हा न्याय सरळ दिसतो. पण एक आणा दोघांना सारखा नव्हता. ज्याचा ऊस गुळाच्या भावानें विकला जाई, त्याचें नुकसान खरें होतें. त्याचबरोबर, जिच्या चार शेळ्या हाच संसार, तिची चराऊ जमीन आकसली होती, हेंहि तितकेंच खरें होतें. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, डोंगर, पडीत जमिनी आणि गायरानें सरकारच्या जंगलखात्यानें गिळल्यामुळें गरिबाच्या शेरडाकरडांस जागा उरली नाहीं, असें गाऱ्हाणें मांडलें आहे. एका बाजूनें चराई मिटली, दुसऱ्या बाजूनें हिरवी बाग समोर आली. आणि मध्यें सांपडलेल्या शेळीचा दंड मात्र धन्यानें भरावयाचा! बांधावरच्या भांडणांचें मूळ बहुधा जनावराच्या खोडींत नसून या अडचणींत असे.

याच मुलुखांत या प्रश्नाची दुसरी बाजूहि पाहावयास मिळते. धनगरांचे कळप हंगामाप्रमाणें गांवोगांव फिरतात. उभ्या पिकांत शिरलेली मेंढी ही शत्रू. पण पीक निघाल्यावर तोच शेतकरी धनगराकडे जाऊन 'आमच्या रानांत मेंढरें बसवा' म्हणून विनवितो आणि त्याबद्दल पूर्वापार धान्यहि देत आला आहे. कारण रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्यांचें व मुताचें खत जमिनीला दुसऱ्या कशानें सहजीं मिळत नाहीं. मेंढी तीच, शेत तेंच. वेळ ठरलेली असली म्हणजे उपद्रवाचा उपकार होतो.

आतां मांजराकडे वळतां येईल. कोंडवाड्याच्या कायद्याचें सारें बळ दोन गोष्टींवर उभें आहे: जनावराला ओळखीचा धनी असावा, आणि धनी न आल्यास लिलांवांत त्याची कांहीं किंमत यावी. मांजराच्या ठायीं या दोन्ही गोष्टींची वाण आहे. तें माणसापेक्षां जागेला धरून राहतें. दूध एका घरीं पितें, पिलें दुसऱ्या घरच्या माळ्यावर घालतें आणि, लोक म्हणतात त्याप्रमाणें, तीं सात घरें फिरवितें. त्याचा लिलांव कोण बोलणार?

शिवाय नकोसें मांजर एके काळीं फार हवेंसें होतें. १८९६ पासून मुंबई इलाख्यांत प्लेगनें थैमान घातलें. उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा प्लेगशीं असलेला संबंध पुढें संशोधनानें निश्चित झाला. त्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं, ज्या घरीं व गांवीं मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें प्रतिपादून घरोघरीं मांजर पाळावें असा आग्रह धरला. १९०८ सालीं त्यांचा लेख विलायतेंतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मांजर एकटें प्लेग थोपवूं शकलें नसतें, हें उघड आहे. पण धान्याची कणगी असलेल्या घरांत त्याचा मान कां होता, हें यावरून कळतें.

तेव्हां परसबागेच्या धन्यानें बारामती-इंदापूरच्या अनुभवावरून काय घ्यावें? पहिलें हें, कीं जनावराला मारण्यापेक्षां त्याचें येण्याचें कारण काढावें. ऊस हिरवा म्हणून गुरें आलीं. वाफा मऊ व कोरडा म्हणून मांजर येतें, कारण विष्ठा पुरून टाकण्यास त्याला तशीच माती लागते. म्हणून पेरलेल्या वाफ्यावर काटक्या आडव्या-उभ्या पसराव्या, किंवा रोपें वर येईतों तारेची जाळी अंथरावी. माती ओलसर ठेवावी. झाडांच्या बुडाशीं जाड खडी घालावी. आणि मासळीचें खरकटें उघड्यावर टाकूं नये. बागेच्या एका कडेस कोरड्या वाळूचा लहानसा कोपरा मोकळा सोडला, तर मांजर बहुधा तोच पसंत करतें. विष किंवा डांबराच्या गोळ्या यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांनीं मांजराबरोबर घरच्या मुलांसहि धोका पोंचतो, आणि मुक्या प्राण्याचा छळ हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. दूध घालणारा आणि वाफा गमावणारा या दोघांनीं मिळून मांजरीची नसबंदी पशुवैद्याकडून करून घेतली, तर दरसाल वाढणारीं पिलें थांबतात आणि गाऱ्हाणेंहि मिटतें. इंदापूरच्या शेतकऱ्यानें धनगराशीं वेळ ठरवून जें साधलें, तेंच येथें भिंतीच्या दोन बाजूंच्या घरांनीं साधावयाचें आहे. आणि त्याला कोंडवाडाहि लागत नाहीं.