झाइनिची कोरियनांची उत्तर कोरियात पाठवणी : दक्षिण कोरियाचा राजनैतिक विरोध

जपानमध्ये स्थायिक झालेल्या (झाइनिची) कोरियन अल्पसंख्याकांना उत्तर कोरियात पाठवण्याच्या योजनेविरुद्ध दक्षिण कोरियाने १९५९च्या आरंभापासून चालवलेली मोहीम. ही मोहीम अपयशी ठरली. १९५९ ते १९८४ या काळात ९३ हजारांहून अधिक माणसे जपानच्या निगाता बंदरातून उत्तरेला गेली. त्यांत सुमारे ६,८०० जपानी नागरिक, मुख्यतः कोरियनांच्या जपानी बायका आणि मुले, होती. या अपयशाचे खापर सहसा शीतयुद्धातील बलाबलावर फोडले जाते. उपलब्ध पुरावा मात्र सोलच्या भूमिकेकडे बोट दाखवतो. अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारने या माणसांवर हक्क सांगितला, पण त्यांची जबाबदारी उचलली नाही; आणि त्यामुळे त्याच्या रास्त इशाऱ्यांनाही वजन आले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे सहा लाख कोरियन जपानमध्ये राहिले होते. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आला आणि जपानने त्यांना परके ठरवले. सरकारी नोकरीची दारे बंद झाली, पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतनातूनही ते वगळले गेले. बहुसंख्यांची मूळ गावे कोरियाच्या दक्षिण भागात होती, म्हणजे उत्तरेकडे जाणे हे त्यांच्यासाठी घरी परतणे नव्हतेच. तरीही सप्टेंबर १९५८मध्ये उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांनी घर, काम आणि शिक्षणाची हमी दिली, आणि उत्तरेशी एकनिष्ठ असलेल्या चोंग्र्योन या संघटनेने ती वस्त्यावस्त्यांत पोहोचवली. जपानी अधिकाऱ्यांनाही गरीब आणि राजकीयदृष्ट्या नकोसा समाज कमी झालेला हवा होता. जिनिव्हास्थित आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर इतिहासकार टेसा मॉरिस-सुझुकी यांनी २००७च्या ग्रंथात दाखवून दिले की, जपानी रेडक्रॉसचे अधिकारी १९५०च्या दशकाच्या मध्यापासूनच या पाठवणीसाठी जिनिव्हाचे मन वळवत होते.

१३ फेब्रुवारी १९५९ रोजी जपानी मंत्रिमंडळाने पाठवणीला मान्यता दिली. सोलने जपानशी चाललेली वाटाघाट थांबवली, जिनिव्हाला प्रतिनिधी धाडले, वॉशिंग्टनकडे मध्यस्थीची मागणी केली आणि जूनमध्ये जपानशी व्यापार बंद केला. खरी किल्ली जिनिव्हात होती. समितीने हात काढून घेतला असता तर योजनेचे मानवतावादी कवच गळून पडले असते, आणि समिती बराच काळ कचरत होती. तिच्यापुढे जपानकडे आधार होता तो विखुरलेल्या कुटुंबांच्या पुनर्मीलनाबाबत १९५७मध्ये नवी दिल्लीच्या रेडक्रॉस परिषदेने केलेल्या ठरावाचा. सोलचे उत्तर सार्वभौमत्वाचे होते : हे आमचे नागरिक, कम्युनिस्टांच्या हाती त्यांना देऊ नका. मग ते जगणार कुठे आणि कशावर, याचे उत्तर नव्हते. नागासाकीजवळच्या ओमुरा छावणीत जपानने डांबलेल्या कोरियनांपैकी जुन्या रहिवाशांना परत घ्यायला याच सरकारने नकार दिला होता. १९५२मध्ये ऱ्ही यांनी आखलेली सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडलेले जपानी मच्छीमार बुसानमध्ये कैदेत होते. अशा सरकारने माणुसकीची भाषा केली तर ती ऐकणार कोण? १२ ऑगस्टला जपान-दक्षिण कोरिया वाटाघाट पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यात जपान आणि उत्तर कोरिया यांच्या रेडक्रॉस संस्थांनी करारावर सह्या केल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला निगाताच्या रेडक्रॉस केंद्रावर स्फोट घडवण्याच्या कटात दक्षिण कोरियाचे हस्तक स्फोटकांसह पकडले गेले आणि उरलीसुरली पतही गेली. १४ डिसेंबरला ९७५ माणसांना घेऊन दोन सोव्हिएत जहाजे उत्तर कोरियातील चोंगजिनकडे निघाली.

सोलच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कोरियन युद्धाने होरपळलेला, अमेरिकी मदतीवर तगलेला देश सहा लाख माणसांना पोसू शकत नव्हता. हे खरे आहे. परंतु प्रश्न सहा लाखांना घरी आणण्याचा नव्हता. जपानमध्येच त्यांना स्थिर वास्तव्य आणि कल्याणकारी हक्क मिळवून देण्याचा होता. त्यासाठी जपानकडे तडजोडीची मागणी लावून धरता आली असती. दुसरा आक्षेप अधिक भारी आहे : शेवटी सोलचेच म्हणणे खरे ठरले ना? गेलेल्यांपैकी अनेकांवर संशय धरला गेला, काहींना बंदिछावण्यांत टाकले गेले, जपानी बायकांना दशकानुदशके माहेरी येऊ दिले नाही. इशारा खरा होता, यात वाद नाही. पण ‘निवड मुक्त नाही’ हा मुद्दा परिणामकारक व्हायचा तर दुसरा पर्याय समोर ठेवावा लागतो. निगाताच्या केंद्रात प्रत्येकाची मर्जी तपासण्याचे ठरले होते. चोंग्र्योनच्या विरोधामुळे ती पद्धत सैल झाली, आणि याच जागी दबाव आणण्याइतकी विश्वासार्हता सोलजवळ उरली नव्हती. अमेरिकेनेही, जपानबरोबरच्या सुरक्षा कराराचे नूतनीकरण तोंडावर असताना, टोकियोला दुखवायचे टाळले.

मोहिमेला जे साधले नाही ते पत्रांनी साधले. १९६१च्या अखेरपर्यंत सुमारे ७५ हजार माणसे गेली होती. १९६२मध्ये वर्षभरात जाणाऱ्यांचा आकडा एकदम साडेतीन हजारांवर आला. कपडे, साबण, औषधे पाठवा, अशी मागणी करणारी गेलेल्यांची पत्रे नातलगांच्या हाती पडू लागली होती. एप्रिल १९६०मध्ये ऱ्ही पायउतार झाले तेव्हा निगाताहून जहाजे सुटतच होती. १९६५च्या जपान-दक्षिण कोरिया करारासोबत वास्तव्याचा हक्क अखेर लिखित स्वरूपात आला, मात्र दक्षिण कोरियाचे नागरिकत्व पत्करणाऱ्यांपुरताच. इतरांना तशाच कायम वास्तव्याच्या हक्कासाठी १९९१पर्यंत थांबावे लागले.