विनोदबाबूंची भिंत

नेत्रहीन ग्रंथकारास ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. विदर्भातील गुलाबराव महाराजांच्या नावामागे हे बिरूद लागले आणि ते त्यांस शोभलेही. परंतु अशा बिरुदांत एक धोका असतो. बिरूद एकदा बहाल केले की ग्रंथ उघडून पाहण्याची निकड आम्हांस वाटेनाशी होते. मनुष्य अंध असून एवढे लिहून गेला, या आश्चर्यातच आमचे कर्तव्य संपते. त्यातून ग्रंथकाराचे माध्यम शब्द, आणि शब्दास कान पुरतो. ज्याचे माध्यमच दृष्टी आहे अशा चित्रकाराचे डोळे गेले तर? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही. विनोदबिहारी मुखर्जी यांनी ते आपल्या कामानेच देऊन ठेवले आहे.

विनोदबाबूंचा जन्म १९०४ साली कलकत्त्याजवळील बेहाला येथे झाला. बालपणापासून त्यांचा एक डोळा निकामी होता व दुसऱ्याची दृष्टी अतिशय अधू होती. त्यामुळे शालेय शिक्षण धड झाले नाही. १९१७ साली ते शांतिनिकेतनात आले आणि दोन वर्षांनी, कलाभवनाच्या अगदी आरंभकाळात, नंदलाल बसूंच्या हाताखाली चित्रकला शिकू लागले. अशा डोळ्यांच्या मुलास चित्रकार कसे करावे, अशी शंका नंदलालांस वाटली. मुलगा मन लावून शिकत असेल तर त्यास शिकू द्यावे, असा कौल रवींद्रनाथांनी दिला. १९२५ पासून हा विद्यार्थी तेथेच शिक्षक झाला.

त्यांच्या डोळस काळातील श्रेष्ठ काम म्हणजे शांतिनिकेतनातील हिंदी भवनाची भित्तिचित्रे. १९४६–४७ मध्ये त्यांनी तेथील तीन भिंतींच्या वरच्या भागावर मध्ययुगीन संतांचा जीवनपट रंगविला. ओल्या गिलाव्यावर रंग भरण्याची ही पद्धत मोठी कठोर आहे. गिलावा वाळण्यापूर्वी त्या दिवसाचा भाग पुरा करावा लागतो आणि वाळल्यावर दुरुस्तीला फारसा वाव राहत नाही. विनोदबाबूंनी लहान आराखडे केले. परंतु भिंतीएवढे रेखाटन करून ते भिंतीवर उतरवून घेण्याचा सुरक्षित मार्ग स्वीकारला नाही. अधू दृष्टीच्या मनुष्यास भिंतीजवळ जाऊनच रंगवावे लागणार, आणि जवळून सबंध भिंत दिसत नाही. ती मनातच धरून ठेवावी लागते. तरी या चित्रात कोठे तुटकपणा नाही. रामानुज, कबीर, सूरदास, तुलसीदास आणि गुरू गोविंदसिंह हे पुरुष साध्या माणसांच्या गर्दीतून वर येतात आणि पुन्हा त्याच गर्दीत मिसळतात. परंपरेने अंध मानलेल्या सूरदासास एका अर्धदृष्टी चित्रकाराने या मेळ्यात जागा दिली, ती इतरांच्या बरोबरीची.

पुढे त्यांनी शांतिनिकेतन सोडले. काठमांडूचे सरकारी संग्रहालय, राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठ, मग मसुरी, असा त्यांचा प्रवास झाला. बदलीच्या नोकरीत संसाराची गाठोडी वारंवार बांधणाऱ्या आम्हा मंडळींस या वणवणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९५७ साली दिल्लीत डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, ती फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

येथे बहुतेक चरित्रे संपली असती. परंतु १९५८ साली कलाभवनाने त्यांस अध्यापनासाठी परत घेतले. ते कलेचा इतिहास व तत्त्व शिकवू लागले आणि हातही थांबला नाही. या काळात त्यांनी जे माध्यम जवळ केले त्यामागे विचार आहे. कुंचल्याने ओढलेली रेषा बोटास सापडत नाही. कापलेल्या कागदास मात्र कड असते, घडीस उंचवटा असतो. म्हणून रंगीत कागद कापून चित्रे घडविणे, माती व मेण यांतून आकार काढणे, हे त्यांचे काम झाले. रंग स्मरणात होते. ते हाती देण्यास व कागद चिकटविण्यास सहायक होते. १९७२ साली कागदाच्या घड्यांतून त्यांनी आकृती सिद्ध केल्या आणि विद्यार्थी-सहायकांच्या हातांनी त्या कलाभवनाच्या भिंतीवर चकाकत्या फरश्यांतून उभ्या राहिल्या. त्यांचे बंगाली लेखनही याच काळातले. ‘चित्रकार’ या पुस्तकात आत्मकथनाबरोबर ‘कत्तामशाय’ नावाचे अंधत्वाच्या अनुभवावरील कथारूप लेखन आहे, आणि त्यात स्वतःची कीव केलेली नाही.

त्यांचेच एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. १९७४ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले आणि १९८० साली ते वारले. ‘अंतर्दृष्टी’ हा शब्द त्यांच्याविषयी हटकून वापरला जातो. आमचा त्यास विरोध नाही. मात्र तिला दैवी देणगी मानू नये. चाळीस वर्षे अपुऱ्या दृष्टीने काम करताना सबंध चित्र मनात धरण्याची जी सवय त्यांनी कमावली, तीच दृष्टी संपूर्ण गेल्यावर उपयोगी पडली. अंधत्वाने त्यांस चित्रकार केले नाही. चित्रकार अंध झाला आणि त्याने आपली हत्यारे बदलली.

या कमाईस दुसऱ्यांच्या निर्णयांचीही जोड होती. एका गुरूने शंकेपुढे दार बंद केले नाही, एका संस्थेने आंधळ्या शिक्षकास पद दिले, काही विद्यार्थ्यांनी आपले डोळे त्यास उसने दिले. यांपैकी एकही गोष्ट चमत्कार नव्हे. अर्जावर ‘अयोग्य’ असा शेरा मारणे सोपे असते आणि त्याचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. १९१९ साली किंवा १९५८ साली तो शेरा पडला असता तर आपण काय गमावले हे आपल्याला कळलेही नसते. चमत्कार म्हटले की असा निर्णय घेण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो. आमच्यापैकी अनेकांच्या मेजावर असे अर्ज येतात, म्हणून हे येथे नोंदवावेसे वाटले.

कलकत्त्याकडे बदलून गेलेली मंडळी सुटीत बोलपूरला उतरतात, उत्तरायण पाहतात आणि परततात. त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींसमोर थोडा वेळ अवश्य थांबावे. आधी चित्र पाहावे. चित्रकाराच्या डोळ्यांची हकीकत नंतर आठवली तरी चालेल.