मॅक्रोद्वारे वक्राकृतींचे आरेखन

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये माउसने रेषा न ओढता, बिंदूंची स्थाने गणिताने ठरवून एखाद्या छोट्या आज्ञावलीकडून वक्र आकृती काढून घेण्याची पद्धत. अशा आज्ञावलीला मॅक्रो किंवा स्क्रिप्ट म्हणतात. महिरप, नक्षीची किनार, पाकळ्यांचे फूल, चक्री, लाटेची पट्टी अशा मापात बसवायच्या आणि पुनःपुन्हा लागणाऱ्या आकृत्यांसाठी ही पद्धत सोयीची ठरते. पारोळा, अमळनेर, धुळे या खानदेशातील गावांत फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि रेडियमच्या दुकानांतून कोरलड्रॉ हे नेहमीच्या वापरातले सॉफ्टवेअर असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

गणिती पाया : व्हेक्टर चित्रातील वक्र रेषा बहुधा बेझिए वक्रांच्या तुकड्यांनी बनते. प्रत्येक तुकड्याला चार बिंदू असतात. टोकांचे दोन बिंदू रेषेवर असतात. त्यांना नोड म्हणतात. मधले दोन नियंत्रण बिंदू, म्हणजेच हँडलची टोके, सहसा रेषेबाहेर राहून तिला वळण देतात. मोटारींचे पत्रे आखण्याच्या गरजेतून हे गणित पुढे आले. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ते मांडले, तर रेनॉ कंपनीतील प्येर बेझिए (१९१०–९९) यांनी ते प्रसिद्धीस आणले.

या वक्राने अचूक वर्तुळ काढता येत नाही. मात्र त्याच्या अगदी जवळ जाता येते. पाव वर्तुळासाठी हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट धरली, तर त्रिज्येतील चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के येते. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ही चूक पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. अन्य मापाच्या कंसासाठी कंसाच्या चौथ्या हिश्शाच्या कोनाचा स्पर्शक (टॅन) घेऊन त्याला ४/३ ने गुणावे. येणारी संख्या त्रिज्येच्या पटीत हँडलची लांबी देते. चक्री किंवा लाट यांसारख्या वक्रांवर ठरावीक अंतराने नोड घेतात, त्या ठिकाणी वक्राचा उतार काढतात आणि दोन नोडांमधील अंतराच्या एक तृतीयांश पल्ल्यावर, उताराच्या दिशेने, हँडल ठेवतात.

कोरलड्रॉमधील रीत : कोरलड्रॉची पहिली आवृत्ती कॅनडातील कोरल कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणली. पुढे त्यात मायक्रोसॉफ्टची व्हीबीए ही मॅक्रोभाषा आली. तिचा संपादक ऑल्ट-एफ११ ने उघडतो आणि मॅक्रो जीएमएस प्रकारच्या फाइलीत साठतात. वक्र काढण्याचा क्रम असा : ‘क्रिएटकर्व्ह’ने रिकामा वक्र तयार होतो, ‘क्रिएटसबपाथ’ने आरंभबिंदू ठरतो, ‘अपेंडलाइनसेगमेंट’ सरळ तुकडा आणि ‘अपेंडकर्व्हसेगमेंट२’ वक्र तुकडा जोडते. वक्र तुकड्यासाठी सहा संख्या द्याव्या लागतात : शेवटच्या नोडचे दोन निर्देशांक आणि मग दोन्ही नियंत्रण बिंदूंचे प्रत्येकी दोन. सबपाथ ‘क्लोज्ड’ केला नाही, तर आकृती उघडी राहते आणि तिच्यात एरवी रंग भरला जात नाही. येथवरचे सर्व काम स्मृतीतच होते. तयार वक्र पानावर उमटतो तो चालू लेयरच्या ‘क्रिएटकर्व्ह’ आज्ञेने.

उदाहरण : पारोळ्याच्या बालाजी रथोत्सवाच्या फ्लेक्सवर ६०० मिमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळावर बेतलेली नऊ पाकळ्यांची महिरप काढायची आहे, असे समजू. १८० अंशांचे नऊ भाग केले की प्रत्येक भाग २० अंशांचा होतो. लगतच्या दोन बिंदूंमधील अंतर त्रिज्येची दुप्पट गुणिले १० अंशांची ज्या (साइन), म्हणजे २०८.४ मिमी. या जीवेवर बाहेर फुगलेले अर्धवर्तुळ म्हणजे एक पाकळी. तिची त्रिज्या १०४.२ मिमी आणि हँडल ५७.५ मिमी. एका पाकळीला दोन वक्र तुकडे, म्हणून सगळ्या महिरपीला १८ तुकडे आणि १९ नोड पुरतात. पाकळीच्या माथ्यावरचा नोड गुळगुळीत, तर दोन पाकळ्यांमधला टोकदार प्रकारचा असतो. मॅक्रोत हे गणित एका फेऱ्यात (लूप) बसते. गिऱ्हाइकाने नऊऐवजी सात पाकळ्या मागितल्या, तर एकच संख्या बदलायची. पाकळीची त्रिज्या १३३.५ मिमी होते आणि बाकीची मापे आपोआप जुळतात. हाताने काढलेल्या महिरपीत यासाठी प्रत्येक नोड पुन्हा हलवावा लागतो. मॅक्रो ‘रेकॉर्ड’ करूनही हा फायदा मिळत नाही, कारण रेकॉर्डर तेव्हाचीच ठरीव मापे नोंदवतो. त्यांच्या जागी चल राशी लिहाव्या लागतात.

नोड आणि कटाई : त्रिकोणमितीचे सूत्र हाताशी असले की शेकडो बिंदू काढून ते सरळ रेषांनी जोडण्याचा मोह होतो. १०० मिमी त्रिज्येचे वर्तुळ ३६ सरळ तुकड्यांत काढले, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर ०.३८ मिमीची तूट राहते आणि स्टिकरच्या कडेला कंगोरे दिसतात. तुकडे फार वाढवले तर फाइल जड होते, आणि रेडियम कापणाऱ्या प्लॉटरची पाती अडखळत चालण्याचा संभव असतो. योग्य हँडलसह चारच नोडांचे वर्तुळ दोन्ही अडचणी टाळते.

देवनागरी अक्षरे : ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ ही छपाईवाल्यांची नेहमीची सूचना याच गणिताशी जोडलेली आहे. श्रीलिपीसारख्या प्रणालीतील फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला तर मजकूर बिघडतो. म्हणून कंट्रोल-क्यू देऊन अक्षरांचे वक्र करतात. अनेक पानांच्या फाइलीत हे काम मॅक्रो एका फटक्यात करतो. नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नसल्याने मूळ फाइल वेगळी जपून ठेवतात. अक्षरेच आज्ञांनी रेखण्याची परंपराही आहे. डॉनल्ड क्नुथ यांच्या मेटाफॉन्ट भाषेत नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरी फॉन्ट तयार केला. टेक या जुळणी प्रणालीत मराठी मजकूर बसवण्यासाठीही तो उपयोगी पडला.

अन्य सॉफ्टवेअर : २००३ मध्ये सुरू झालेल्या इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पायथन भाषेत, तर ॲडोबी इलस्ट्रेटरमध्ये जावास्क्रिप्टमध्ये असेच काम करता येते. इंकस्केपच्या एसव्हीजी स्वरूपात उभे निर्देशांक खाली वाढत जातात, कोरलड्रॉत वर. त्यामुळे एकीकडची सूत्रे दुसरीकडे जशीच्या तशी नेली तर महिरप उलटी होते.

दक्षता : व्हीबीए कोन रेडियनमध्ये घेते, अंशांना पायने गुणून १८० ने भागावे लागते. दस्तऐवजाचे एकक मॅक्रोत सांगितले नाही तर कोरलड्रॉ इंच गृहीत धरतो, आणि ६०० मिमीची त्रिज्या ६०० इंच, म्हणजे ५० फूट होते. सगळ्या आज्ञा एका आज्ञागटात बांधल्या तर पूर्ण आकृती एकाच ‘अनडू’ने मागे घेता येते. अनोळखी ठिकाणाहून आलेला मॅक्रो संगणकावरील अन्य फाइलींनाही हात लावू शकतो, म्हणून तो वाचून पाहिल्याशिवाय चालवू नये.