रक्तदात्याच्या रक्तात तांबड्या पेशी वाढतात तेव्हा

रक्तदान शिबिरातून इच्छुक दात्याला परत पाठवले जाते ते बहुतेक वेळा हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे. उलट ते १७ किंवा १८ भरले, तर दाता खूश होतो आणि शिबिराचे कार्यकर्तेही त्याच्या प्रकृतीचे कौतुक करतात. वास्तविक हा आकडाही चौकशी करण्याजोगा असतो. रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या अवस्थेला वैद्यकात पॉलिसायथेमिया म्हणतात. पुष्कळ वेळा ती निरुपद्रवी किंवा तात्पुरती असते, तर क्वचित ती पक्षाघाताची किंवा हृदयविकाराची पूर्वसूचना असते.

प्रौढ पुरुषाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात. स्त्रियांत हे प्रमाण थोडे कमी असते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार कराव्या लागतात. या कामावर मूत्रपिंडाचे नियंत्रण असते. रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि मज्जा उत्पादन वाढवते. म्हणूनच उंच पर्वतावर राहणाऱ्यांचे रक्त दाट असते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा व्हियो याने १८९० मध्ये पेरूतील अँडीज पर्वतावर काही आठवडे राहून स्वतःच्या रक्तातील पेशी मोजल्या, तेव्हा त्या सुमारे पन्नास लाखांवरून ऐंशी लाखांपर्यंत गेल्याचे त्याला आढळले होते.

ग्वाल्हेरला मात्र उंचीचे कारण लागू पडत नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झालेली मराठी घराणी यांमुळे हे शहर मराठी माणसाला परके नाही. समुद्रसपाटीपासून ते जेमतेम दोनशे मीटर उंच आहे. तेथील दात्याच्या रक्तात पेशी जास्त दिसल्या, तर कारण शोधावे लागते ते त्याच्या राहणीत, त्या शहराच्या हवेत किंवा दात्याच्या शरीरातच.

पहिले आणि सर्वांत साधे कारण म्हणजे पाणी. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारभर लू वाहते. घामावाटे पाणी निघून गेले की रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, आटतो. पेशी असतात तितक्याच, पण कमी द्रवात त्या दाट दिसतात. ही खोटी वाढ होय. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांतही ती दिसते. भरपूर पाणी पिऊन दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासणी केली की आकडा बहुधा जागेवर येतो. गोव्याच्या दमट हवेतही घाम काही कमी येत नाही. उन्हात काम करून थेट शिबिरात आलेल्या आपल्याकडील दात्यालाही हीच गोष्ट लागू आहे.

दुसरे कारण धुराचे. विडी-सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तितके हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास निकामी होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मज्जा जादा पेशी बनवते. म्हणजे धूम्रपान करणाऱ्याचे १७.५ हिमोग्लोबिन ही सुदृढपणाची खूण नसून शरीराने केलेली तडजोड असते. हिवाळ्यात बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते. फुप्फुसांचे जुनाट विकारही याच मार्गाने पेशी वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवेच्या माहितीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत इराणमधील झाबोलच्या खालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते. शिवाय त्या परिसरात वालुकाश्माच्या खाणी आहेत आणि दगडाची धूळ फुप्फुसांना कशी पोखरते हे खाणकामगारांना वेगळे सांगावे लागत नाही. तथापि धूळ आहे म्हणून प्रत्येकाचे रक्त दाट होते, असा सरळ हिशेब करता येत नाही. फुप्फुसाचा विकार बराच बळावून रक्तातील प्राणवायू घटल्यानंतरच पेशी वाढू लागतात.

याशिवाय घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मूत्रपिंडातील काही गाठी आणि जन्मजात हृदयदोष ही कारणे आहेत. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनीही पेशींचे प्रमाण थोडे वाढते. अलीकडे व्यायामशाळांतील तरुणांत टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचे प्रस्थ आहे. ही इंजेक्शने घेणाऱ्याचे रक्त हमखास दाट होते, आणि असा तरुण ही गोष्ट रक्तपेढीच्या अर्जात सहसा लिहीत नाही.

या सर्वांहून वेगळा आणि विरळ प्रकार म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा. लुई आंरी व्हाके या फ्रेंच वैद्याने १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे १९०३ मध्ये विल्यम ऑस्लर याने त्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. यात मूत्रपिंडाच्या आज्ञेशिवाय मज्जा स्वतःहूनच पेशी बनवत सुटते. त्याचे मूळ जॅक-२ या जनुकातील बदलात असल्याचे २००५ मध्ये उघड झाले. सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. तो आईवडिलांकडून येत नाही, आयुष्यात मागाहून घडतो. पुरुषात हिमोग्लोबिन १६.५ च्या आणि स्त्रीत १६ च्या वर गेले, तर या रोगाचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांत म्हटले आहे. आंघोळीनंतर अंगाला सुटणारी विलक्षण खाज, लालबुंद चेहरा, तळपायांची आग, डोकेदुखी, डाव्या बरगडीखाली वाढलेली प्लीहा ही त्याची लक्षणे होत. खरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा. मेंदू, हृदय, पाय, यकृताच्या शिरा, कोठेही गुठळी अडकू शकते.

रक्तपेढीचा प्रश्न येथेच सुरू होतो. पुष्कळ शिबिरांत आजही मोरचुदाच्या द्रावणाची जुनी चाचणी वापरली जाते. द्रावणाची विशिष्ट घनता १.०५३ ठेवलेली असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात पंधरा सेकंदांत बुडाला, की हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून अधिक आहे असे मानतात. चाचणी स्वस्त आहे आणि तिच्या कामापुरती चोखही आहे. पण १३ चा थेंब बुडतो तसाच १९ चाही बुडतो. भारतातील नियमांत हिमोग्लोबिनची किमान मर्यादा १२.५ ग्रॅम दिलेली आहे, कमाल मर्यादा दिलेली नाही. ऑस्ट्रेलियात पुरुषांसाठी १८.५ आणि स्त्रियांसाठी १६.५ अशी वरची मर्यादा आहे. अमेरिकन रेड क्रॉस २० च्या वर रक्त घेत नाही. आपल्याकडेही अशी रेषा आखून तिच्यावरच्या दात्याला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवणे फारसे अवघड नाही. त्यासाठी नेमका आकडा दाखवणारे छोटे यंत्र मात्र प्रत्येक शिबिरात असायला हवे.

पॉलिसायथेमिया व्हेरा असलेल्याला रक्तदान करता येत नाही. निदानच झालेले नसेल, तर मात्र तो वर्षानुवर्षे दान करत राहू शकतो आणि त्यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर शरीरातील सुमारे पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह बाहेर जाते, तर आहारातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते. दर तीन महिन्यांनी दान करणाऱ्याचे लोहाचे साठे आटतात, हिमोग्लोबिन १५ च्या आसपास राहते आणि सारे आलबेल वाटते. आत मात्र मज्जा लहान-लहान पेशी भरमसाट संख्येने बनवत असते, आणि पांढऱ्या पेशी व बिंबिकाही वाढलेल्या असतात. हिमोग्लोबिनचा एकटा आकडा हे काहीच सांगत नाही, त्यासाठी संपूर्ण रक्तगणनाच करावी लागते.

पेशींची संख्या जास्त आणि आकार लहान असे चित्र आणखी एका, कितीतरी अधिक आढळणाऱ्या अवस्थेत दिसते. ती म्हणजे थॅलेसेमियाचे वाहकत्व. वाहकाच्या पेशी साठ लाखांच्या वर असतात आणि हिमोग्लोबिन बारा-तेराच्या घरात. तो आजारी नसतो. हिमोग्लोबिन पुरेसे असेल, तर राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो रक्तदानही करू शकतो. देशात वाहकांचे प्रमाण सरासरी ३ ते ४ टक्के धरले जाते, सिंधी, पंजाबी आणि लोहाणा समाजांत ते अधिक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे ग्वाल्हेरसह मध्य भारतातील अनेक शहरांत वसली, त्यामुळे तेथील रक्तपेढ्यांना ही बाब विशेष महत्त्वाची. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमियाग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते आणि अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. विवाहापूर्वी रक्तगणनेतील वाढलेल्या पेशींकडे कुणी लक्ष दिले आणि हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी केली, तर हे टळू शकते. ही तपासणी ३.५ टक्क्यांच्या वर गेली की वाहकत्व बहुधा निश्चित होते.

'रक्त दाट आहे, दान करून टाक' हा सल्ला घरोघरी आणि कधीकधी दवाखान्यातही मिळतो. पॉलिसायथेमिया व्हेराच्या उपचारात रक्त काढणे हाच पहिला उपाय आहे, त्यामुळे त्या सल्ल्यात तथ्यांश आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवलेल्या रुग्णांत हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या स्पष्टपणे कमी आढळल्या. पण ते रक्तमोक्षण असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखाली केलेले. काढलेले रक्त रुग्णाला चढवले जात नाही, नष्ट केले जाते. शिबिरात मात्र त्याच रक्ताच्या पिशवीवर क्रमांक पडतो आणि ती कुणा अनोळखी रुग्णाकडे जाते. शिवाय धूम्रपान किंवा झोपेतील श्वासरोध हे मूळ कारण असेल, तर रक्त काढून ते कारण जात नाही. सिगारेट सोडल्यावर आकडा काही आठवड्यांतच खाली येऊ लागतो.

दात्याने करण्याजोगी गोष्ट सोपी आहे. हिमोग्लोबिन पुरुषात १६.५ च्या किंवा स्त्रीत १६ च्या वर आले, तर भरपूर पाणी पिऊन काही दिवसांनी प्रयोगशाळेत संपूर्ण रक्तगणना करून घ्यावी. आकडा तसाच राहिला, तर रक्तविकारतज्ज्ञ आधी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, एरिथ्रोपोएटिनची पातळी आणि जॅक-२ ची चाचणी पाहतात. या तपासण्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान थांबवावे आणि लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. व्हेराच्या रुग्णाला लोह मिळाले की मज्जेला जणू इंधनच मिळते आणि पेशी झपाट्याने वाढतात.